ओलं वजन

बांका बेटावर, मालकाच्या पत्र्याखाली
मी काटा सांभाळतो.
बायका येतात कमरेपासून खाली भिजलेल्या,
डोक्यावर पाटी, पाटीत काळी रेती,
रेतीत कथील.
भांड्यांच्या कल्हईला लागतं ते,
आणि तुमच्या फोनच्या पोटात
तारेला तार चिकटवतं, तेही तेच.
मी तवा तापवतो, मूठभर रेती भाजतो,
वाफ होऊन जेवढं उडालं
तेवढं हिशेबातून वजा करतो.
ओलं वजन कापायचं, हा धंद्याचा पहिला नियम.
दुसरा नियम नाही.

इथे आधी मिरी होती.
पोती भरभरून ओढ्यात कुजवायचे,
साल गळून दाणा पांढरा होईपर्यंत.
वास असा की पाहुणा नाक धरी,
आणि आजोबा म्हणत, पैशाला असाच वास असतो.
मग वेल उपटले. खणलं.
खणलेलं तसंच टाकून यंत्रं पुढे गेली
आणि खड्ड्यात पाणी साठलं. कोलोंग म्हणतो आम्ही त्याला.
विमानातून फार सुंदर दिसतात म्हणे,
निळे, हिरवे.
मी विमानात बसलो नाही.

खाली नदी गाळाने भरली, तशा मगरी वर सरकल्या.
त्यांनाही कुठेतरी राहायचं होतं.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, खरं आहे,
पण कोलोंगात मासाच नाही.

लाहमुद्दीन चाळणी धुवायला वाकला.
रोसिदा काठावर केळीच्या पानातला भात सोडत होती.
पान सोडवून तिने वर पाहिलं
तर चाळणी तरंगत होती.

आतोक बुजांग, मगरींशी बोलणारा म्हातारा,
तीन रात्री पाण्याशी कुजबुजला.
चौथ्या दिवशी मगर गळाला लागली.
म्हणाला, आपणहून आली, तिला काही सांगायचं होतं.
काय, ते त्याने सांगितलं नाही.

दोर, बांबू, चौदा माणसं.
एवढा मोठा काटा गावात एकच, माझा.
चारशे बारा किलो.
पोरं ओरडली, कुणीतरी फोटो काढला.
मी सवयीने विचारलं, ओलं की कोरडं?
कुणी हसलं नाही.

पोट फाडलं.
डाव्या पायाची चप्पल. शाम्पूच्या पुड्या.
लाहमुद्दीनचं बाकी काय निघालं ते मी इथे लिहीत नाही.
आणि खडे, दोन ओंजळी.
मगरी गिळतात खडे,
बुडी मारताना अंग जड व्हावं म्हणून.
मालकाने एक उचलला, पाण्यात खळबळला,
उन्हात धरून फिरवला.
‘माल चांगला आहे,’ म्हणाला. ‘तोल.’

मी तोलले. नऊशे ग्रॅम.
वहीत नावाच्या रकान्याशी पेन अडला.
खाणारीचं नाव नव्हतं, खाल्लेल्याची सही होणार नव्हती.
रोसिदा चप्पल धुवत बसली होती,
पट्ट्याखालचा गाळ नखाने काढत,
जणू संध्याकाळी कुणी ती घालून निघणार होतं.
मी लिहिलं, रोसिदा. पूर्ण भाव.
तवा तापवला नाही.
मालकाने ते पाहिलं आणि शनिवारी
फरक माझ्या पगारातून कापला.

दोघांनाही पांढऱ्या कापडात पुरलं,
त्याला मशिदीमागे, तिला झऱ्याच्या तोंडाशी.
आतोक म्हणाला, दोघं एकाच घरचे होते,
घर मोडलं म्हणून भांडले.

नवव्या दिवशी रोसिदा आली.
पाटी काट्यावर ठेवली.
पाणी गळत होतं, काट्यावरून फरशीवर,
फरशीवरून माझ्या अनवाणी पायांवर,
थंड.
मालक दारात उभा होता.
ती माझ्याकडे बघत नव्हती, काट्याच्या सुईकडे बघत होती.

मी तवा तापवला.